न ओढलेल्या सिगारेटचा पुरावा

माणसाने सिगारेट ओढली, हे सिद्ध करणे सोपे आहे. वास येतो, थोटूक सापडते, शेजारीपाजारी हौसेने साक्ष देतात. सोडली, हे मात्र कोणत्याही मार्गाने सिद्ध करता येत नाही. जे घडलेच नाही त्याचा पुरावा माणसाने आणावा कोठून? तरीही सगळे तोच मागतात: बायको मागते, डॉक्टर मागतात, ज्यांच्याबरोबर उभे राहून आयुष्यभर धूर काढला ते सोबतीही मागतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांकडून तो कसा मागण्यात आला, हे मी जवळून पाहिले आहे. मागणाऱ्यांत मीही होतो, आणि त्या वेळची परिस्थिती पाहता माझा संशय रास्तच होता, असे माझे आजही मत आहे.

भावोजी जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करतात. लोक पडीक टेबले, लंगड्या खुर्च्या, आजोबांच्या काळातली कपाटे त्या कारखान्यात आणून टाकतात. तेथे त्यांचा जुना रंग उतरवला जातो, लाकूड घासले जाते आणि त्यावर नव्याने पॉलिशचे हात चढवले जातात. शेवटचा हात भावोजींचा. कापसाचा बोळा तलम फडक्यात गुंडाळून ते तो लाकडावर असा फिरवतात की गिऱ्हाईक टेबल न्यायला आले की आधी त्यात स्वतःचे केस सारखे करते. म्हणून कारखान्यात त्यांना ‘आरसेवाले काका’ म्हणतात. माणूस अबोल. घरी आले की हातपाय धुऊन खिडकीशी बसायचे आणि कोणी काही विचारले तर प्रथम मान हलवायची, मग लागलेच तर बोलायचे. अशा माणसावर आरोप करणे फार सोयीचे असते. तो प्रतिवाद करत नाही.

सिगारेट त्यांना कोणी लावली, असे ताई नेहमी विचारते. माझे उत्तर ठरलेले आहे: कारखान्याने लावली. आत थिनर आणि स्पिरिट उघडे असते, ठिणगी पडली तर सगळेच स्वाहा. त्यामुळे आतल्या दाराशी खिळ्याला एक पत्र्याचा डबा टांगलेला आहे. आत शिरताना प्रत्येकाने आपला लायटर त्यात टाकायचा. एक हात चढवला की तो सुकेपर्यंत लाकडाला बोट लावता येत नाही. मुकादम ओरडतो, ‘हात सुकतोय!’ आणि ज्यांचे लायटर डब्यात आहेत ते आपापला लायटर उचलून मागच्या शेडमध्ये जातात. ज्यांचा लायटर नाही, त्यांना बाहेर जाण्याचे कारण नाही, असे मुकादमाचे तर्कशास्त्र. त्यांनी तेवढ्या वेळात काचपेपर घेऊन घासत बसायचे. म्हणजे फुप्फुसे जाळणाऱ्याला विश्रांती, आणि न जाळणाऱ्याला लाकडाचा भुसा. नवा आलेला धडधाकट तरुण पहिल्या पगाराला लायटर विकत घेतो, त्यात नवल ते काय? शिवाय शेड म्हणजे नुसती शेड नव्हे. पुढच्या आठवड्यात कोणते काम कोणाकडे, कोणाची रजा मुकादम मान्य करील, मालकाचा मूड कसा आहे, हे सारे तेथेच कळते. शेडमध्ये न जाणारा माणूस कारखान्यात असूनही बाहेरगावचा.

भावोजींनी सिगारेट अनेकदा सोडली होती. लग्नात ताईला वचन दिले, ते त्यांच्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या पायरीवर मोडले. मुलगी झाली तेव्हा पुन्हा सोडली. तेव्हा पोट साफ होईना. सकाळची सिगारेट नाही तर सकाळच नाही, अशी अवस्था. ताईने सगळे चूर्ण-काढे करून पाहिले आणि अखेर तिनेच कंटाळून म्हटले, “एक ओढा बाई, पण आत जाऊन या एकदाचे.” हे वाक्य तिला आता आठवत नाही. पुढे शेडमधला एक सोबती छातीच्या दुखण्याने गेला. सगळे हादरले, स्मशानातून परतताना सगळ्यांनी शपथ घेतली, आणि शपथ घेताना घशाला कोरड पडली म्हणून फाटकाबाहेर सगळ्यांनी एकेक पेटवली. मी हे थट्टेने सांगत नाही. माणूस एकट्याने सिगारेट धरतो आणि दहा जणांच्या साक्षीने सोडू पाहतो. त्या दहांपैकी नऊ जणांना तो सुटू नये असेच मनातून वाटत असते.

या खेपेची गोष्ट निराळी होती. भावोजींची उजवी पोटरी चालताना दुखू लागली. थोडे चालले की गोळा येई, थांबले की जाई. लंगडतोय असे कोणाला दिसू नये म्हणून ते दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहत. ताई बरोबर असली की चिडे. “सगळ्या रस्त्यात तुम्हाला पानवाल्याचीच पाटी बरी वाचायची असते,” असे ती म्हणे. अखेर पायाच्या बोटाला झालेली जखम भरेना, तेव्हा मी त्यांना रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर तरुण, नीटनेटके, आणि आपल्याशी बोलताना नजर मात्र संगणकावर ठेवणारे होते. त्यांनी चित्र काढून दाखवले: मांडीतली नळी जवळजवळ बुजली आहे. ऑपरेशन करून रक्ताला नवी वाट काढता येईल. नाही केले तर आधी बोट जाईल, मग पाऊल.

“पण सिगारेट चालू असेल तर मी हात लावणार नाही,” ते म्हणाले. “नवी वाटसुद्धा बुजते. माझी मेहनत फुकट आणि तुमचा पायही. दर वेळी इथे यायचं, यंत्रात फुंकायचं. एक जरी ओढली तरी यादीतून नाव कमी.”

भावोजींनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकले. लायटर मात्र टाकवेना. तो त्यांनी माझ्या हातात दिला. “ठेवा, मास्तर. तुम्ही कधी कुठे आग लावणार नाही.” मी शाळेत व्याकरण शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. त्यांच्या तोंडून ऐकलेला तो बहुधा एकमेव विनोद.

त्यांनी खरोखर सोडली, असे आज मी म्हणू शकतो. तेव्हा मात्र मला बाहेरची लक्षणे दिसत होती, आणि ती दोन्हीकडे लावता येण्याजोगी होती. ते चिडचिडे झाले. सोडणाराही चिडतो आणि चोरून ओढणाराही चिडतो. ते दाताखाली लाकडाची कपची चघळू लागले. ताईने म्हटले, तोंडाचा वास मारायला. ते कामावरून आले की सरळ न्हाणीघरात जात आणि कपडे स्वतः भिजवत. आयुष्यात ज्या माणसाने आपला रुमाल धुतला नाही तो अचानक शर्ट भिजवू लागला, तर कोणत्या बायकोला संशय येणार नाही?

“अहो, मी भिजवते ना,” ताई म्हणाली.

“औषधाचा वास येतो कपड्यांना. तुला मळमळेल.”

“तीस वर्षं नाही मळमळलं ते!”

“हे औषध निराळं आहे.”

ताईने माझ्याकडे पाहिले. मी पेपरात डोके घातले. तिने तो शर्ट बादलीतून काढून, पिळून, कॉलरशी नाक नेऊन हुंगला. काय वास आला ते तिला सांगता येईना. “गोडसर आहे काहीतरी. अत्तर शिंपडलं असणार,” ती म्हणाली.

कारखान्यात याच्या उलट संशय. आरसेवाले काकांचा लायटर डब्यात नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आले. ‘हात सुकतोय’ अशी हाक आली आणि भावोजी सवयीने शेडकडे निघाले, तेव्हा मुकादमाने त्यांना अडवले.

“काका, बाहेर काय काम?”

“जरा पाय मोकळे करतो.”

“ओढत नाही म्हणता ना? मग बाहेर काय हवा खायला जायचंय? हवा आतपण आहे.”

“अहो, आत थिनर आहे.”

“मग धूर काय वाईट होता?”

सगळे हसले. भावोजी आत वळले. काचपेपरवर जागा नव्हती, म्हणून मुकादमाने त्यांना मागच्या खोलीत टाकीवर पाठवले. टाकी म्हणजे जुना रंग उतरवायची जागा. एका उथळ पत्र्याच्या टबात रिमूव्हर ओतलेला असतो. खुर्चीचे हात-पाय सुटे करून त्यात बुडवायचे, रंग फुगला की पत्र्याच्या पात्याने खरवडायचा. त्या खोलीला खिडकी आहे, पण रिमूव्हर लवकर उडून जातो आणि मालकाचे नुकसान होते म्हणून ती बंद ठेवतात. पूर्वी हे काम पाळीपाळीने सगळ्यांकडे असे. आता भावोजींना बाहेर जायचे कारण नव्हतेच, तेव्हा प्रत्येक हात सुकण्याच्या वेळी, आणि हळूहळू त्यानंतरही, टाकी त्यांच्याच वाट्याला येऊ लागली. ही माणसे दुष्ट नव्हती. त्यांना एवढेच कळत होते की ज्याला विश्रांतीचे कारण नाही त्याला विश्रांतीची गरजही नाही.

शेडमध्ये मात्र निराळीच चर्चा. काकांनी सोडली कशी? या वयात कोणी सोडतो का? मालकाने मुकादमाची जागा देऊ केली असणार. मुकादम म्हातारा झालाय, काका मागच्या खोलीत बसून कोण किती वेळ बाहेर असतो ते मालकाला सांगत असणार. मला हे सांगितले ते तेथल्याच एका सुताराने, आणि सांगताना तोही माझ्याकडे असे पाहत होता की जणू मीच मालकाचा हेर आहे.

पहिल्या तपासणीला आम्ही तिघे गेलो. भावोजी कामावरूनच आले होते. यंत्र चालवणाऱ्या बाई शांत, ठेंगण्या, केसांत पेन खोचलेल्या. त्यांनी पुठ्ठ्याची नळी लावून दिली. “खोल श्वास घ्या, धरा, आता सावकाश सोडा. शेवटपर्यंत.” भावोजींनी फुंकले. यंत्रावर हिरवा दिवा लागला, मग पिवळा, आणि शेवटी लाल लागून तेथेच थांबला.

बाईंनी आवाजात काही न आणता विचारले, “शेवटची कधी ओढली होती, काका?”

“इथे पहिल्यांदा आलो त्या दिवशी.”

“काका, मी रागावत नाही. पण यंत्र खोटं बोलत नाही.”

“मी पण नाही,” भावोजी म्हणाले.

त्या वेळी बाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मी ओळखतो. गृहपाठाची वही घरी विसरली, असे सांगणाऱ्या पोराकडे पाहून माझ्या चेहऱ्यावर तेच येते. डॉक्टरांनी लाल शेरा मारला आणि आणखी एक संधी दिली. घरी आल्यावर ताईने खुंटीवरच्या कोटाचे खिसे उलटे केले, मोज्यांत हात घातले, पंख्यावर पाहिले, देवाच्या तसबिरीमागेही पाहिले. भावोजी खिडकीशी बसून हे पाहत होते.

“सापडलं तर मलाही सांग,” ते म्हणाले.

“थट्टा सुचतेय? पाय तुमचा आहे!”

“म्हणून तर.”

ताईने मला एकांतात गाठले. “तू जाऊन बघ रे. तुझी शाळा लवकर सुटते. शेडमध्ये जातात का, तेवढं बघ.”

मी गेलो. कारखान्याच्या मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, तेथून शेड सरळ दिसते. मी माझ्या चांगल्या चाकाला तीनतीनदा हवा भरून घेतली. मुकादमाची हाक ऐकू आली, माणसे बाहेर आली, धूर निघाला. भावोजी त्यांत नव्हते. पुढच्या दिवशीही नव्हते. यावरून माझा संशय कमी झाला असेल, असे कोणी समजू नये. शेडमध्ये नाहीत, म्हणजे आत कोठेतरी ओढतात, एवढेच मी अनुमान काढले. यंत्र म्हणते ओढतात. डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे डोळ्यांआड ओढतात. तर्कात खोट नव्हती. खोट पहिल्या विधानात होती, पण ते विधान यंत्राचे होते, आणि शिकलेल्या माणसाला यंत्राशी वाद घालण्याची लाज वाटते.

दुसऱ्या तपासणीलाही लाल दिवा लागला. आधीपेक्षा लवकर लागला. डॉक्टरांनी या वेळी संगणकावरून नजर काढून आमच्याकडे पाहिले.

“मला फसवण्यात काय मिळतं तुम्हाला?” ते म्हणाले. “अजून एकदा बघेन. शेवटचं. त्यानंतर दुसरे डॉक्टर शोधा.”

भावोजींनी मान हलवली. ताई बोलली, आणि दवाखान्याच्या बाहेर, फुटपाथवर, माणसांच्या देखत बोलली. “तुम्हाला पाय नकोय, संसार नकोय, तुम्हाला फक्त ते जळकं पाहिजे. मरा ओढून ओढून! मी नाही पुसणार तुमचा पाय.” त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणे सोडले. जेवायला वाढायची, पण ताट आदळून. हवे-नको माझ्यामार्फत विचारायची. “विचार त्यांना, अजून पोळी हवी का.” ते समोरच बसलेले असत. “सांगा त्यांना, नको.” मी दोन्हीकडचा टपाल्या.

याच सुमारास पोटरीने पूर्ण असहकार पुकारला. पाय टेकवेना. डॉक्टरांनी फोनवरच सांगितले, तपासणीपर्यंत घरी पडून राहा. ते आठवडाभर घरी होते. ताई दिवसभर त्यांच्यावर पाळत ठेवून होती. न्हाणीघरात जास्त वेळ लागला तर दार वाजवी. त्यांना सिगारेट आणून देणारे घरात कोणी नव्हते. माझ्याकडे लायटर होता, परंतु मी तो शाळेतल्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला होता. कोणावर किती विश्वास ठेवावा याचे काही नियम असतात.

तिसऱ्या तपासणीला त्यांना रिक्षातून न्यावे लागले. त्याच बाई, तीच पुठ्ठ्याची नळी. भावोजींनी फुंकले. हिरवा दिवा लागला आणि पुढे काही झाले नाही. बाईंनी यंत्र हलवून पाहिले, नवी नळी लावली, पुन्हा फुंकायला लावले. पुन्हा हिरवा.

ताईने हुश्श केले. मीही केले. पाय वाचला, असे आम्हा दोघांना एकदमच वाटले.

बाई म्हणाल्या, “छान, काका. जमलं की! या वेळी नाही ना ओढली एकही?”

येथे मान हलवायची, इतकेच काम होते. तो माणूस आयुष्यभर मान हलवत आला होता. पण ते बोलले.

“एक ओढली.”

“काय?” ताई ओरडली. अबोल्यानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच थेट बोलली.

“दुसऱ्या वेळी इथून गेलो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सुताराकडून घेतली. म्हटलं, नाव झालंच आहे तर चव तरी घ्यावी. अर्धी ओढली, टाकली.”

“अहो, कशाला सांगताय हे?” मी म्हणालो. माझ्या तोंडून ते निघून गेले.

“मास्तर, दोनदा खरं बोललो तेव्हा या यंत्रानं मला खोटं पाडलं. आज ते माझ्या बाजूनं बोलतंय, पण माझ्या वतीनं खोटं बोलतंय. ते नको मला. डॉक्टरांना काय करायचं ते करू दे.”

ताईने पदर तोंडाला लावला होता. राग होता की काय होते, मला कळले नाही. बाईंनी केसांतले पेन काढले, पण लिहिले काहीच नाही. त्या भावोजींकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या डोक्यात काय चालले असावे याचा अंदाज बांधत होतो, आणि तो एकदाच का होईना बरोबर निघाला: जो माणूस हिरव्या दिव्यासमोर आपणहून ओढल्याचे कबूल करतो, त्याने लाल दिव्यासमोर न ओढल्याचे सांगितले ते कशावरून खोटे?

“काका,” त्या हळूच म्हणाल्या, “हा आठवडा तुम्ही घरी होतात?”

“होय.”

“आणि आधीच्या दोन्ही वेळी कामावरून आला होतात. काम काय करता?”

“पॉलिश.”

“नुसतं पॉलिश?”

“आता पॉलिश कुठलं. रंग उतरवतो. टाकीवर असतो.”

“ते औषध कसं असतं? हाताला गार लागतं? गोडसर वास?”

“गार म्हणजे, बर्फ लागतो. आणि डोकं जड होतं संध्याकाळी.”

बाई उठल्या आणि डॉक्टरांना बोलावून घेऊन आल्या. पुढे जे काय बोलणे झाले त्यातले मला समजले ते असे. रंग उतरवण्याच्या त्या जातीच्या औषधाची वाफ श्वासातून अंगात गेली की शरीर आतल्या आत तिचा तोच विषारी वायू करते, जो सिगारेटच्या धुरात असतो. यंत्र नेमका तोच वायू मोजते. तो कोठून आला, हे यंत्राला कळत नाही. ते विचारणे माणसांचे काम असते. भावोजींनी सिगारेट सोडली, म्हणून त्यांना टाकीवर बसवले, आणि टाकीवर बसले म्हणून त्यांनी सिगारेट ओढली असे ठरले.

“आम्हाला शिकवलं होतं हे,” बाई म्हणाल्या. “पण असं कोणी कधी भेटलंच नाही.”

“भेटलं नाही, की विचारलं नाही?” मी म्हणालो. त्यांनी मान खाली घातली. त्या बाईंवर माझा राग नाही. विचारले तर शेवटी त्यांनीच. डॉक्टरांनी मात्र माफी मागितली नाही. ते म्हणाले, “ती अर्धी सिगारेट मला मान्य नाही. पण तुम्ही सांगितलीत, म्हणून तारीख देतो. तोवर त्या टाकीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. हा वायू श्वासात पुन्हा बघू, रक्तातही बघू.” आणि त्यांची नजर पुन्हा संगणकाकडे गेली.

बाहेर येऊन ताई बाकावर बसली. मग तिने विचारले, “म्हणजे शर्टाचा तो वास…”

“औषधाचा. सांगितलं होतं.”

“आणि तुम्ही गप्प बसलात!”

“सांगितलं होतं,” ते पुन्हा म्हणाले.

“एकदा सांगून होतं का? भांडायचं ना माझ्याशी! ताट फेकायचं!” आणि मग, आवाज खाली आणून, “सुताराच्या तोंडावर फेकायची होती ती अर्धी.”

डॉक्टरांचे पत्र घेऊन मी स्वतः मुकादमाकडे गेलो. त्याने ते दोनदा वाचले, उजेडाकडे धरले आणि माझ्याकडे पाहिले. “मास्तर, हे तुम्हीच लिहिलेलं दिसतंय. भाषा फार शुद्ध आहे.” मी त्याला दवाखान्याचा शिक्का दाखवला. “शिक्के काय, कुठेही करून मिळतात,” तो म्हणाला. पण भावोजींना परत शेवटच्या हातावर घेतले. शेडमध्ये लगेच ठरले की मालकाने आपल्या माणसाला हलके काम दिले. मागच्या खोलीची खिडकी उघडली जाईल, असे मालकाने मला तोंडी सांगितले. मी नंतर मागच्या गल्लीतून दोनदा पाहिले. एकदा ती उघडी होती, एकदा बंद. टाकीवर आता कोण बसते, हे मला कोणी सांगत नाही; विचारले की विषय बदलतात.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही लवकर पोहोचलो. भावोजींना दवाखान्याचा फिका झगा घालून खाटेवर बसवले होते. त्यांचे रापलेले, पॉलिशने कायमचे तपकिरी झालेले हात त्या पांढऱ्या चादरीवर परके दिसत होते. दोन्ही अहवाल स्वच्छ आले होते. एक नवी परिचारिका कागद घेऊन आली आणि भराभर विचारू लागली: मधुमेह? नाही. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी? नाही. दात खोटे? एक.

“सिगारेट?”

“सोडली,” भावोजी म्हणाले.

परिचारिकेने डोळे वर केले. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने ताईकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या, जशा सगळेच उंचावतात. “खरं का हो?”

मी ताईकडे पाहिले. तिचे नाक नकळत किंचित फुलले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग ती उठली आणि खाटेच्या आणखी जवळ जाऊन उभी राहिली.

“मला काय विचारता?” ती म्हणाली. “ते सांगतायत ना.”

परिचारिकेने काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मला दिसले नाही. तिने कागद छातीशी धरला होता.